डोंगराच्या कोरड्या अंगाला

जून लागला की आबांचा फोन येतो. एरवी फोन आईच करते आणि आबा शेवटी दोन मिनिटं येतात, पण जूनमधला हा फोन त्यांचा स्वतःचा. "पाऊस लागला का गं तिकडं?" असं विचारतात. तोवर इथे गोव्यात, डिचोलीत पावसाने चांगलाच जम बसवलेला असतो. कौलांवरून पागोळ्या लागलेल्या असतात, अंगणात शेवाळ धरू लागलेलं असतं आणि कपडे वाळायचे बंद झालेले असतात. मी हो म्हणते. मग आबा म्हणतात, "वाटलंच. काल सांजच्यापास्नं वारं सुटलंय."

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, कवठे महांकाळ तालुक्यात, ढालगावच्या बाजूला. तिथल्या माळावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. माझ्या लहानपणी त्या नव्हत्या, वारा मात्र होता. मृगाच्या सुमाराला तो एकदा सुटला की ऑगस्टपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. भाकरी थापताना पीठ उडतं, दाराला दगड लावावा लागतो, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. आणि इतक्या वाऱ्यात पाऊस कुठे असतो? ढग येतात, रांगेने पूर्वेकडे निघून जातात. थेंब चार पडले तर पडले.

आबा पाऊस विचारतात तेव्हा खरं तर ते वाऱ्याचा पडताळा घेत असतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं. कारण तो वारा एकच आहे. अरबी समुद्रावरून पाण्याने जड होऊन येतो, गोव्याच्या किनाऱ्यावरून आत शिरतो, सह्याद्रीला धडकतो. वर चढताना थंड होतो आणि सगळं ओझं इथेच टाकतो. पलीकडच्या अंगाला उतरतो तेव्हा रिकामा झालेला असतो, उतरताना तापतोही. डिचोलीत माझं अंगण भिजवून गेलेला वारा दोनशे किलोमीटरवर आबांच्या पवनचक्क्या फिरवतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे जेमतेम पाचशे. डोंगर एकच, एक अंग ओलं, एक अंग कोरडं. माझं सासर ओल्या अंगाला आहे आणि माहेर कोरड्या.

आणि द्राक्ष कोरड्या अंगाला लागतं. हे लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

१९९९ मध्ये लग्न होऊन मी डिचोलीत आले. आमचं माहेरचं घर माळकऱ्यांचं. आषाढीला आबा पायी पंढरपूरला जायचे आणि घरात दारूचं नाव कुणी काढत नसे. पहिल्याच नाताळाला शेजारच्या आंटींनी कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं, ताट पाठवलं, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, आणि ताटात मधोमध एक इवलासा पेला, गडद लाल. सासूबाई म्हणाल्या, "नको असेल तर नको घेऊस, पण परत पाठवू नको, सणाचा आहे." आमच्याकडून दिवाळीला फोवांचं, म्हणजे पोह्यांचं, ताट जातं, तिकडून नाताळाचं येतं. त्यात परत पाठवण्यासारखं काही नसतंच. मी तो पेला उचलून नाकाशी नेला आणि मला एकदम आमची बेदाण्याची शेड आठवली.

बेदाणा शेड ज्याने पाहिली नाही त्याला सांगते. लोखंडी सांगाडा, त्यात एकावर एक दहा-बारा जाळ्या ताणलेल्या, वर छप्पर, चारही बाजू उघड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं तोडून आणतात, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात म्हणजे सालीवरचं मेण सैल होतं, आणि मग जाळ्यांवर पसरतात. पुढचं काम वाऱ्याचं. ऊन थेट लागू द्यायचं नाही, नाहीतर बेदाणा काळा पडतो. कोरडा वारा शेडच्या एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो आणि जाताना पाणी घेऊन जातो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. रात्री त्या शेडमध्ये झोपलं की गोड, जरासा आंबूस, दाट असा वास अंगाखांद्यावर बसतो. परीक्षेच्या दिवसांत मी तिथेच अभ्यास करायचे. तोच वास मला पोर्तुगिजांच्या गोव्यात, एका अनोळखी पेल्यात सापडला. मी दोन घोट घेतले. गोड होती, औषधासारखी गोड. त्या रात्री आईची आठवण येऊन मी रडलेही होते, पण त्याचा दोष पेल्याला देता येणार नाही.

गोव्यात ज्याला सगळे पोर्ट वाईन म्हणतात ती ही. स्वस्त, गोड, गडद. पर्यटक पिशव्या भरून नेतात. गोव्यात द्राक्ष पिकत नाही, तेव्हा ही द्राक्षं घाटावरून ट्रकने येतात, आणि त्यांत बेंगळूरकडच्या बंगलोर ब्लू या काळ्या, वासाच्या जातीचा भरणा मोठा असतो. मूळची पोर्ट मात्र पोर्तुगालच्या उत्तरेला, डोरू नदीच्या खोऱ्यातली. पोर्तो शहराच्या बंदरातून ती जगभर गेली म्हणून पोर्ट. अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात, तिथे आंबणं थांबतं आणि राहिलेली साखर तशीच राहते, म्हणून ती गोड आणि जोरकस. १७५६ मध्ये मार्किस द पोंबाल यांनी या खोऱ्याची हद्द आखून दिली. कुठलं द्राक्ष पोर्टचं आणि कुठलं नाही हे तेव्हापासून ठरलं.

पण मला खिळवून ठेवलं ते एका डोंगराने. डोरूच्या द्राक्षमळ्यांच्या आणि अटलांटिक समुद्राच्या मधे मारांव नावाची डोंगररांग आहे. समुद्राकडून येणारा पाऊस ती अडवते. पश्चिमेकडचा भाग हिरवागार, ओला, आणि रांग ओलांडली की पाऊस कमी होत जातो. खोऱ्याच्या पूर्व टोकाला स्पेनच्या सरहद्दीकडे तर वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या शेजारच्या जत तालुक्यासारखं. तिथले लोक म्हणतात, नऊ महिने थंडी आणि तीन महिने नरक. माती म्हणावी अशी नाहीच. पापुद्र्यापापुद्र्याचा शिस्ट दगड, त्याच्या फटीफटीतून वेलीची मुळं कित्येक फूट खाली पाणी शोधत जातात. माणसांनी तो दगड फोडून डोंगरउतारावर पायऱ्या बांधल्या. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सतत आमचा माळ येत होता. आबांनीही १९८६ मध्ये सुरुंग लावून मुरूम फोडला, चर खणले, गाळाची माती गाड्यांनी आणून भरली आणि मग पहिली बाग लावली.

साडेचारशे वर्षं पोर्तुगीज गोव्यात राहिले. त्यांची वाईन जहाजातून पिंपांनी येत राहिली, चर्चमध्ये लागायची, घराघरात लागायची. त्यांनी ब्राझीलहून काजू आणला आणि तो इथल्या जांभ्या डोंगरांवर असा रुजला की आज फेणी हीच गोव्याची ओळख आहे. मिरची, बटाटा, अननस, पपई, सगळं रुजलं. द्राक्ष मात्र रुजलं नाही.

ते का, हे मी अंगणात शिकले. २००२ मध्ये आबांनी मला डॉगरिज जातीच्या खुंटावर भरलेलं थॉम्पसन या खायच्या द्राक्षाचं एक कलम दिलं. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ते घाट उतरून आणलं. तुळशीवृंदावनामागे लावलं, नवऱ्याने बांबूचा मांडव करून दिला. एप्रिल-मे मध्ये ते असं वाढलं की शेजारीपाजारी बघायला येत. बोट लावलं तर वाजेल अशी पानं. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी घड देवाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर पिवळे, तेलकट डाग दिसू लागले. पान उलटं केलं की त्या डागाच्या बरोबर खाली पांढरी बुरशी, पीठ भुरभुरावं तशी. मी शेतकऱ्याची मुलगी, मला नाव माहीत होतं. डाऊनी. आबांच्या बागेत ती ऑक्टोबरात एखादा पाऊस लांबला तर यायची आणि घरात सुतकासारखी शांतता पसरायची. इथे तर रोज पाऊस होता, पान सुकायला तासाचीही उघडीप नव्हती. जुलैअखेर नुसत्या काड्या उरल्या. सप्टेंबरात वेलीने पुन्हा पानं काढली, पुन्हा गेली. असं तीन वर्षं चाललं, एकही घड लागला नाही. चौथ्या वर्षी सासूबाईंनी त्या मांडवावर काकडी चढवली आणि मी काही बोलले नाही.

घड न लागण्याला आणखी एक कारण होतं, ते आबांनी फोनवर समजावलं. आमच्या मुलखात थंडीने वेल झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळछाटणी माल धरायला. एप्रिलनंतर ज्या कोवळ्या फुटी येतात, त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पेरावरच्या कोंबांत, उन्हाच्या जोरावर पुढच्या हंगामाचा घड आत, नजरेला दिसणार नाही असा, बांधला जातो. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं की त्या डोळ्यात घड बांधलाच जात नाही. "तुझ्या वेलीनं ऊन बघितलंच कुठं," आबा म्हणाले. "तिचं डोळं मुके ऱ्हायले." मुका डोळा हा आमच्याकडचा बागायतदारांचा नेहमीचा शब्द. मला त्या दिवशी तो जिव्हारी लागला.

वारा जसा उपकार करतो तसा त्रासही देतो, हेही सांगायला हवं. पावसाळी वाऱ्यात कोवळी फूट ताराला घासून मोडते. मालाच्या दिवसांत मणी पानाला, काडीला, शेजारच्या मण्याला घासत राहतो आणि सालीवर तपकिरी ओरखडा उमटतो. तेवढ्यावरून व्यापारी भाव पाडतो. म्हणून बागेच्या कडेला शेवरी लावतात, आणि जुन्या साड्या बांधतात. आमच्या भागात मार्गशीर्षात फिरलात तर द्राक्षबागांच्या कडेने रंगीबेरंगी साड्यांची भिंतच दिसेल. काही गावातल्या, काही बाजारातून गठ्ठ्याने आणलेल्या. एका वर्षी मी माहेरी गेले तेव्हा पश्चिमेच्या कडेला आईची जांभळी इरकल दिसली, माझ्या बारशाला घेतलेली, तिचा लाल पदर आणि काठ विरलेले. वाऱ्याने ती फुगायची, बागेच्या अंगाला चिकटायची, पुन्हा फुगायची. आईला विचारलं तर म्हणाली, "ठेवून तरी काय करू? तिथं कामाला आली." मी तिच्या काठाचा वीतभर तुकडा कापून घेतला. तो माझ्या कपाटात आहे.

जगात इतरत्रही हे असंच आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला रोन नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा थंड कोरडा वारा दिवसेंदिवस घोंघावतो. तिथे वेली जमिनीलगत झुडपासारख्या वाढवतात आणि सायप्रस झाडांच्या रांगा लावून वारा अडवतात. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, रिओ नेग्रो नदीच्या काठाने वाळवंटात कालवे काढून बागा उभ्या केल्या आणि त्यांच्या भोवती उंच पॉप्लर झाडांच्या भिंती. तिथल्या शेतकऱ्यांची तक्रारही हीच आणि कौतुकही हेच. वारा फूट मोडतो आणि वारा बुरशी येऊ देत नाही. आईच्या इरकलीची आणि त्या पॉप्लरची जात मला एकच वाटते.

२००६ साली आबांनी वाईनची द्राक्षं लावली. त्याच्या पाच वर्षं आधी, २००१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं होतं. विंचूरला आणि आमच्या पलूसला वाईन पार्क निघाले. गावोगाव बैठका झाल्या, करार झाले. आबांनी दोन एकर लावलं. नावं त्यांनी आपल्या जिभेला बसवली, कॅबरनेट आणि शिराज. माळकरी माणूस वाईनची द्राक्षं लावतो म्हणून भजनी मंडळात कुजबुज झाली. आबांनी उत्तर दिलं नाही. मला एकदाच म्हणाले, "२००३ ला टँकरनं पाणी घालून बाग जगीवली. कर्ज अजून हाय. ह्या वेलीला पाणी कमी लागतंय म्हणत्यात."

पाणी कमी लागतं हे खरं होतं, पण ते आबांना पचायला फार जड गेलं. खायच्या द्राक्षात त्यांची सगळी हयात मणी फुगवण्यात गेलेली. घडांची विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीए या संप्रेरकाच्या बुडवण्या, मग रोज कॅलिपर घेऊन मण्याची जाडी मोजायची, सोळा मिलिमीटर, सतरा, अठरा. मोठा मणी, पातळ साल, भरपूर पाणी. आणि कंपनीचा माणूस येऊन सांगायचा, आबा, पाणी तोडा. मणी लहान राहू द्या. वेलीला तहान लागू द्या.

कारण लाल वाईनचा रंग रसात नसतो. हे मला मीच करून बघितलं तेव्हा पटलं. २००८ च्या फेब्रुवारीत मी माहेरी होते. कॅबरनेटचा एक मणी तोडला. पिकलेल्या करवंदापेक्षा लहान, काळानिळा, वर राखेसारखा थर. चिमटीत दाबला तर आतून गर आला तो जवळजवळ बिनरंगाचा, काचेसारखा, आणि दोन बिया. मग साल अंगठ्यावर चोळली. जांभळा डाग पडला तो संध्याकाळच्या भांड्यांनंतरही गेला नाही. जे काही असतं, रंग, तुरटपणा, निम्मा वास, ते सालीत. म्हणून लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. वारा पानाला सतत झोंबत राहिला की पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं, वाढ मंदावते, मणी लहान राहतो, साल जाड होते. आमच्या माळाचे जे दोन दोष सगळे सांगायचे, पाणी नाही आणि वारा फार, ते या वेलीला मानवत होते.

आबांनी मणी तोंडात टाकला, चावला, बिया हातावर काढल्या. "ही द्राक्षं खायाची न्हाईत," म्हणाले. "कातडी आणि बियाच." पण त्यांनी गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं आणि मला बघायला दिलं. रेघ चोविसावर होती. थॉम्पसनला अठरा-वीस आले तरी माणूस खूश असतो. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला अभिमानच म्हणेन. जमिनीने कधी नव्हे ते काही न मागता काही दिलं होतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. अकरा तारखेला ते वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. त्याआधी गोव्याच्या समुद्रातून गेलं, इथल्या मच्छीमारांच्या होड्या परतल्या नाहीत त्याच्या बातम्या आम्ही ऐकत होतो. पाऊस त्या वेळी घाट ओलांडून गेला. आबांची बाग फुलोऱ्यात होती. फोन लागत नव्हता, लागला तेव्हा आई म्हणाली, आबा बागेतच बसलेत. वाईनची वेल त्यातून बऱ्यापैकी सावरली. पण त्याच हंगामात, तोडणीच्या तोंडावर, ज्यांच्याशी करार होता त्यांनी कळवलं की टाक्या भरलेल्या आहेत, यंदा माल उचलता येणार नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. वाईनचा बाजार तेव्हा बसला होता आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांना त्या वर्षी हेच ऐकावं लागलं. मला राग येतो तो याचा की बाजाराची चाहूल लागली असताना ऑक्टोबरच्या छाटणीआधी कुणी एक शब्द बोललं नाही. छाटणी न करता खर्च वाचला असता. लहान मणी, जाड साल, दोन बिया असलेलं द्राक्ष हातगाडीवर कोण घेणार? आबांनी ते बेदाण्याच्या जाळ्यांवर टाकलं. बियांचा काळा बेदाणा, व्यापाऱ्याने हातात घेऊन परत ठेवला.

त्या पावसाळ्यात वेली गुडघ्याखाली करवतीने कापल्या आणि खुंटावर पुन्हा थॉम्पसनचं कलम भरलं. मुळं तीच ठेवून वरचं झाड बदलायचं. मी तिथे नव्हते. आई सांगते की कापलेल्या खोडांतून दिवसभर पाणी ठिबकत होतं आणि आबा मजुरांबरोबर न जेवता घरी आले. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीशी करवत आली तेव्हा म्हणाले, तेवढी ऱ्हाऊ द्या. बावीस वेली.

मधल्या काळात कोरड्या अंगाच्या वाईनचं नाव झालं. अकलूजच्या बाजूला, माळशिरस तालुक्यात, इटलीहून आलेल्या आणि आपल्याकडच्या भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वाईनरी उभी केली. पिएरो मासी हे टस्कनीचे वाईनकर्ते तिथे आले, टस्कनीचं सांजोव्हेजे द्राक्ष सोलापूरच्या मातीत लागलं. सांजोव्हेजे आणि कॅबरनेट मिळून केलेली त्यांची सेट्टे मी पणजीत एका वाढदिवसाला प्यायले. पोर्टची गोडी डोक्यात होती म्हणून पहिला घोट दचकवणारा होता. गोडीचा मागमूस नाही. तुरट, जिभेच्या कडा ओढून धरणारी, कच्च्या सुपारीची आठवण देणारी, आणि मग सावकाश मागून काहीतरी उलगडत येतं, सुकलेल्या बोरासारखं, मार्चमधल्या धुळीसारखं. टेबलावर सगळे ती टस्कनीसारखी लागते का यावर बोलत होते. मला ती आमच्यासारखी लागली. उन्हाने तापलेला माळ संध्याकाळी निवताना जसा येतो, तसा तो वास होता. गोव्यात बसून लाल वाईन पिणाऱ्या प्रत्येकाला एकदा चोर्ला घाट चढून पलीकडे न्यावं असं मला मनापासून वाटतं. केरी सोडली की धुकं आणि रान, घाट संपला की बेळगावपर्यंत भातशेती, चिकोडीनंतर ऊस, मिरज मागे पडली की झाडं विरळ होतात, कुसळं दिसू लागतात, आणि मग कवठे महांकाळच्या पुढे पवनचक्कीचं पहिलं पातं. काच खाली केली की ओठ फुटतात. त्या फुटलेल्या ओठांनी मग ती वाईन प्यावी.

विहिरीकडच्या बावीस वेली अजून आहेत. त्यांना ठिबक सगळ्यांत शेवटी सोडतात. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आल्यापासून गावात तशी चणचण नाही, तरी त्या ओळीला आबा हात आखडता ठेवतात. माल थोडा येतो, निम्मा पाखरं खातात. उरलेला आबा शेडच्या एका जाळीवर वेगळा पसरतात. २०१२ मध्ये मी त्यातला दोन किलो काळा बेदाणा डिचोलीला आणला आणि सहज शेजारच्या आंटींना दाखवला. त्यांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "हें खंयचें, बाय?" दरवर्षी नाताळासाठी त्या घरी बेदाण्याची वाईन घालतात, बाजारातून काळे मनुके आणून. त्या वर्षी त्यांनी आबांचा बेदाणा घातला.

तेव्हापासून हे सुरू आहे. मार्चमध्ये माहेरून डबा येतो, एसटीने बेळगाव आणि तिथून गोव्याच्या कदंब बसने. ऑक्टोबर सरता सरता आंटी मोठी चिनी मातीची बरणी धुऊन उन्हात ठेवतात. उकळून निवलेलं पाणी, साखर, बेदाणा, मूठभर गहू, यीस्ट. बेदाणा वाटायचा नाही, बी फुटली की कडू होतं, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं. वर मलमलचं फडकं, दोरीने सैल बांधलेलं. एकवीस दिवस रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचं. आता त्यांचा खांदा धरतो म्हणून ढवळायला मी जाते. फडकं सोडलं की आत बारीक बारीक सळसळ ऐकू येते, बुडबुडे फुटत असतात. बेदाणे पाणी पिऊन पुन्हा मण्यांएवढे झालेले असतात, वर तरंगतात. पळीने खाली ढकलले की जांभळा रंग सुटतो आणि माजघरभर तो वास पसरतो.

माझ्या माळकरी आबांना हा बेदाणा कशासाठी जातो हे पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. मला भीती वाटत होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्यांच्या सणाला लागतंय न्हवं? मग चांगला निवडून देतो." आई काड्या काढते, आबा फुटके दाणे वेगळे करतात.

परवा नोव्हेंबरात मी पळी हातात घेऊन असतानाच त्यांचा फोन आला. छाटणी उरकली होती, डोळे फुगले होते, आभाळ निरभ्र होतं. आंटींनी मागून विचारायला सांगितलं की या वर्षीचा बेदाणा जरा कमी काळा का. मी विचारलं. आबा म्हणाले, औंदा पाऊस जादा झाला, विहीर भरून होती, वेलीला ओल लागली. मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या खेपेला दोन पाणी कमी देतो म्हणावं त्यास्नी."